जोडीदाराला परदेशी बोलावताना नोकरीची माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा न्यू जर्सीत, बायको डोंबिवलीत. किंवा उलट: ती टोरांटोत आणि तो अजून गोरेगावला आईवडिलांकडे. लग्नाचे फोटो, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, विमानाची तिकिटं लोक हौसेने गोळा करतात. नोकरीच्या रकान्यापाशी आले की मात्र पेन थांबतं. विलेपार्ल्याला आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्यांच्या फायली लावून देते. मी वकील नाही. पण तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. जास्त करून अमेरिका आणि कॅनडाबद्दल आहे, कारण माझ्याकडे येणारे तिकडचेच. ब्रिटनचं मध्ये थोडं आहे. फॉर्म अधूनमधून बदलतात, तेव्हा भरायच्या दिवशी सरकारी साइटवरूनच ताजा उतरवून घ्या.

व्हिसा लग्नाच्या नात्यावर मिळतो, मग नोकरी कशाला विचारतात?

दोन वेगळ्या कारणांसाठी, आणि ही दोन कारणं एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. बोलावणाऱ्याची, म्हणजे स्पॉन्सरची नोकरी विचारतात ती पैशासाठी: हा माणूस जोडीदाराला पोसू शकेल का. इथून जाणाऱ्याची नोकरी विचारतात ती ओळख पटवायला: ही व्यक्ती इतकी वर्षं कुठे होती, काय करत होती, आणि कुणाकडे चौकशी करायची झाली तर कुणाकडे. त्यामुळे इथल्याचा पगार कमी आहे म्हणून लाजायचं कारण नाही. पगाराच्या आकड्यापेक्षा तुमचे महिने सलग लागतात की नाही, हे तिथे बघितलं जातं.

किती वर्षं मागे जायचं?

अमेरिकेसाठी आय-१३० या अर्जात स्पॉन्सरने आपल्या मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहायच्या. इथल्या जोडीदाराची तेवढ्याच काळाची माहिती आय-१३०ए या जोडफॉर्मवर जाते, राहण्याच्या पत्त्यांसकट. अमेरिकेबाहेरची शेवटची नोकरी पाच वर्षांपूर्वीची असली तरी तिच्यासाठी वेगळी जागा आहे. जोडीदार भारतात असेल तर आय-१३०एवर त्याची सही लागत नाही, पण माहिती सगळी लागते. इथेच गफलत होते. सही नको म्हणून नवरा तिकडे बसून बायकोचा फॉर्म आठवणीने भरून टाकतो, आणि तिने बदललेली एक नोकरी त्याच्या लक्षातच राहिलेली नसते.

कॅनडा जास्त चिकट. जाणाऱ्याने शेड्यूल ए भरायचा, आयएमएम ५६६९. त्यात मागची दहा वर्षं, किंवा वयाच्या अठराव्या वर्षापासूनचा काळ, यातला जो नंतरचा असेल तिथपासून आजपर्यंत, एकही महिना रिकामा न ठेवता. काम करत नव्हतात तर काय करत होतात, तेही लिहायचं. पत्त्यांचंही तसंच.

मध्ये दोन-तीन वर्षं मी घरीच होतो. काय लिहू?

घरीच होतो, असंच.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि प्रत्येक वेळी आवाज खाली आणून विचारला जातो, जणू शेजारच्या खोलीत कुणी ऐकतंय. एमपीएससीची तयारी करत तीन वर्षं काढलेली मुलं असतात. बाळंतपणानंतर परत कामावर न गेलेल्या बायका असतात. वडिलांच्या डायलिसिससाठी नोकरी सोडलेला एक जण आला होता. त्याला ती दोन वर्षं कुठल्या तरी मित्राच्या कंपनीत ‘कन्सल्टंट’ म्हणून दाखवायची होती. मी विचारलं, का? तर म्हणे, बरं दिसतं.

फॉर्मला बरं दिसायचं नसतं. ‘अनएम्प्लॉइड’ हा त्या रकान्यातला पूर्ण वैध शब्द आहे. ‘होममेकर’ही आहे. परीक्षेची तयारी करत होतात तर बेकार आणि स्पर्धा परीक्षेची तयारी, असं दोन्ही लिहा, ज्या घरी राहत होतात त्या गावाचं नाव लिहा, महिना-वर्ष लिहा, संपलं. क्लास लावला असेल तर फीची पावती शोधून ठेवा. जोडली नाही तरी हाताशी असावी. बेकारीच्या महिन्यामुळे कुणाचा अर्ज नाकारलेला मी पाहिलेला नाही. खोटं भरलेल्या महिन्यामुळे अडकलेले पाहिलेत.

डायलिसिसवाल्या त्या मुलाने शेवटी खरं लिहिलं. सोबत हॉस्पिटलची दोन बिलं ठेवली, तेवढं पुरलं.

लग्नाच्या बायोडाटात ‘मॅनेजर’ लिहिलं होतं. हुद्दा खरं तर असिस्टंटचा आहे. फॉर्मवर कुठला घालू?

नेमणूकपत्रावर असेल तो. बायोडाटा मध्यस्थाने फुगवला असेल, मावशीने फुगवला असेल, ते आपल्यात चालतं, किंवा निदान चालवून घेतलं जातं. पण जोडीदाराला मात्र फॉर्म भरण्याआधी खरं सांगून टाका. बीकेसीच्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये खिडकीपलीकडून अगदी साधे प्रश्न येतात: नवरा काय करतो, कुठे कामाला आहे, शिफ्ट कुठली. बायकोने ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ सांगायचं आणि समोरच्या कागदावर गोदामातला सुपरवायझर, मग नोकरीचा प्रश्न मागे पडतो आणि नात्याबद्दलच शंका सुरू होते. तिकडे सहा महिन्यांपूर्वी नोकरी गेली आणि सासरी कळू दिलेलं नाही, असेही असतात. सासऱ्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. बायकोला सांगा.

काही वर्षांपूर्वी टूरिस्ट व्हिसाच्या वेळी एजंटने माझी नोकरी भलतीच लिहिली होती. आता खरी लिहिली तर पकडले जाऊ का?

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण फायली खऱ्या अडकतात त्या इथे.

अमेरिकेच्या टूरिस्ट किंवा स्टुडंट व्हिसासाठी डीएस-१६० भरतात. त्यातही सध्याची नोकरी आणि मागच्या पाच वर्षांतल्या नोकऱ्या असतात. तो फॉर्म तिकडच्या नोंदीत राहतो. आता इमिग्रंट व्हिसासाठी डीएस-२६० भराल तेव्हा अधिकाऱ्यासमोर दोन्ही असू शकतात. आपल्याकडे काय व्हायचं, की कॉलेज संपून घरी बसलेल्या मुलीला एजंट ‘फॅमिली बिझनेस, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’ करून टाकायचा, म्हणजे ती परत येईल असं वाटावं. मुलीला पत्ताच नाही. फॉर्म इंग्रजीत, भरला एजंटने, सबमिट केला एजंटने. पण कायद्याच्या दृष्टीने अर्ज तिचा.

आता लोक दोन उलट्या चुका करतात. काही जण जुनी थाप पुढे चालू ठेवतात, म्हणजे नव्या फॉर्मवरही तीच काकांची फर्म आणि तोच हुद्दा. एकीच्या दोन होतात. काही जण गुपचूप खरं लिहितात आणि फरकाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. दुसरी चूक पहिलीपेक्षा बरी, पण पुरेशी नाही. खरं लिहा आणि सोबत अर्ध्या पानाचा खुलासा ठेवा: अमुक वर्षीच्या अर्जात अमुक लिहिलं गेलं, ते बरोबर नव्हतं, अर्ज कुणी भरला, मला ते कधी समजलं. रडगाणं नको, एजंटला शिव्या नकोत.

याचं वजन लक्षात घ्या. अमेरिकी कायद्यात जाणूनबुजून आणि निर्णयावर परिणाम होईल असं खोटं सांगितलं तर प्रवेशबंदी आयुष्यभराची असते. त्यावर सूट मागायचा आय-६०१ हा वेगळा, लांबलचक अर्ज आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते, आणि तिथे माहिती लपवणंही खोटं सांगण्यातच धरतात. म्हणून जुन्या फॉर्मवरची थाप मोठी असेल, म्हणजे आख्खी कंपनीच खोटी असेल, तर माझ्यासारखीकडे येऊ नका. त्या देशातल्या नोंदणीकृत वकिलाची एक बैठक घ्या. तो खर्च इथे वाचवायचा नाही.

आणि हो, जुन्या डीएस-१६०ची प्रत मागायला एजंटकडे गेलात तर तो बहुतेक ‘कॉम्प्युटर बदलला’ असं सांगेल. तुमच्या जुन्या ईमेलमध्ये कन्फर्मेशनचं पान तरी शोधा.

रिलीव्हिंग लेटर नाही. कंपनी बंद पडली. आता?

आधी एक दिलासा: फॉर्मवर नोकरी लिहायला रिलीव्हिंग लेटर लागतंच असं नाही. माहिती लिहायची असते. पुरावा बरेचदा मागितला तरच. पण मागितला तर काय द्यायचं, ते आधी ठरवलेलं बरं.

पीएफ कापला जात असेल तर निम्मं काम झालं. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी दिसते, त्यात कंपनीचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, आला २०१४ साली, त्यामुळे त्याआधीच्या नोकऱ्या तिथे जोडलेल्या नसू शकतात. सोडल्याची तारीख पुष्कळ कंपन्या भरतच नाहीत. मग पासबुकातला शेवटचा हप्ता कुठल्या महिन्याचा आहे ते बघायचं. दुसरं, आयकराच्या साइटवरचा फॉर्म २६एएस. पगारातून टीडीएस कापला गेला असेल तर कापणाऱ्याचं नाव त्यात छापून येतं. तिसरं, पगार जमा झालेल्या बँक खात्याचं स्टेटमेंट. आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकून बघा. नोंदणीतून काढून टाकलेल्या कंपनीपुढे ‘स्ट्राइक ऑफ’ असं दिसतं. त्या पानाची प्रिंट काढून ठेवा. तुमची कंपनी कधीकाळी अस्तित्वात होती आणि आता नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका कागदात येतात.

माझ्या स्वतःच्या फायलीची गोष्ट सांगते. नवऱ्याने मला कॅनडाला बोलावलं तेव्हा मी प्रभादेवीच्या एका छोट्या ऑफिसातली जुनी नोकरी लिहिली होती. मालकांकडे पत्र मागायला गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ‘जूनमध्येच आलीस ना गं तू, पावसात’ म्हणाले, आणि लेटरहेडवर जून टाईप करून शिक्का मारला. शिक्का ओला होता. पत्र घडी केलं तर वरच्या ओळीवर त्याचा उलटा ठसा उमटला. मी खूश. पीएफचं पासबुक जोडलं त्यात मात्र पहिला हप्ता सप्टेंबरचा. दोन महिन्यांनी विचारणा आली: जून ते ऑगस्ट आपण काय करत होतात?

खरी गोष्ट एवढीच, की पहिले तीन महिने मालक पगार पाकिटातून द्यायचे आणि पीएफमध्ये नाव नंतर घातलं. तसं करायला नको होतं, पण केलं होतं. मी तेच चार ओळींत लिहिलं आणि त्या जुलैत ऑफिसच्या कामासाठी काढलेल्या फर्स्ट क्लासच्या पासाचा फोटो जोडला, जो नशिबाने एका डायरीत चिकटलेला सापडला. पुढे कुणी काही विचारलं नाही. पण तेव्हापासून माझा नियम आहे: पत्र हातात आलं की आधी पीएफ, मग २६एएस, मग बँक, या तिन्हींच्या शेजारी ठेवून वाचायचं. फरक असला तर आपणच आधी सांगायचा.

पगार रोख मिळायचा. किंवा वडिलांच्या दुकानातच बसायचो. ही नोकरी धरतात का?

धरतात. काम ते काम. दादरच्या साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभं राहणं असो, घरगुती शिकवण्या असोत, पार्लर असो की डब्यांचा धंदा, जे केलं ते त्याच नावाने लिहा. स्वतःचं असेल तर ‘सेल्फ-एम्प्लॉइड’. वडिलांच्या दुकानात बिनपगारी बसत असाल तर तसंच लिहा, पगार होता असं दाखवू नका, कारण मग रिटर्न कुठे आहे हा पुढचा प्रश्न येतो.

पुराव्याला गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद बघा. महाराष्ट्रात २०१७च्या दुकाने-आस्थापना कायद्यानंतर मोजकीच माणसं असलेल्या दुकानाला पूर्वीसारखं नोंदणी प्रमाणपत्र मिळत नाही, नुसती सूचना दिल्याची पावती मिळते. तीही चालते. शिकवण्या घेणाऱ्या बाईंकडे यातलं काहीच नसतं. त्यांनी दोन-तीन पालकांची सहीची पत्रं आणि यूपीआयने आलेल्या फीचं स्टेटमेंट ठेवावं.

दीड महिन्याची नोकरी वगळली तर?

नका वगळू. पीएफ कापला असेल तर त्या नोंदीत ती बसलेली असते.

तिकडच्या जोडीदाराची नोकरी गेली. अर्ज थांबवावा का?

देशावर अवलंबून आहे.

अमेरिकेत स्पॉन्सर आय-८६४ हे हमीपत्र भरतो. त्यात ‘सध्या बेकार, अमुक तारखेपासून’ असा पर्याय छापलेलाच आहे, म्हणजे सरकारने ही वेळ गृहीत धरली आहे. उत्पन्न त्यांच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं. तेवढं नसेल तर जॉइंट स्पॉन्सर घेता येतो: अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला. तो नातेवाईकच हवा असं नाही. मात्र सही करायला सांगताना त्याला पूर्ण कल्पना द्या, ही जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळात ओळख झालेल्या काकांना दिवाळीच्या फराळावर सही मागणं बरं नव्हे.

कॅनडात नवरा किंवा बायकोला बोलावताना साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही. तीन वर्षं सांभाळण्याचं वचन द्यावं लागतं, आणि स्पॉन्सर अपंगत्वाशिवाय इतर कारणासाठी सरकारी मदतीवर जगत असेल तर त्याला बोलावता येत नाही. नोकरी नुकतीच गेली आणि जमलेल्या पैशांवर घर चाललंय, तर ते तसं लिहायचं. कर खात्याची नोटीस ऑफ असेसमेंट जोडायची.

ब्रिटन सगळ्यात कडक. ११ एप्रिल २०२४पासून नव्या अर्जांना वर्षाला २९,००० पौंडांची अट आहे, आधी ती १८,६०० होती. एकाच मालकाकडे सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंटं आणि मालकाचं पत्र. नोकरी बदलून सहा महिने झाले नसतील तर मागच्या पूर्ण वर्षाचा हिशोब मागतात. तेव्हा तिकडे दोनशे पौंड जास्त मिळतात म्हणून अर्जाच्या तोंडावर उडी मारू नका.

माझा मुंबईतला पगार धरतात का? तो त्याच्यापेक्षा जास्त आहे.

ब्रिटनसाठी इथून अर्ज करताना नाही. अमेरिकेसाठी तेव्हाच, जेव्हा तीच कमाई त्याच ठिकाणाहून तिकडे गेल्यावरही चालू राहणार असेल. (आणि हो, हे ऐकून चेहरा पडलेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्यात. राग यावा असंच आहे.)

आधी तिकडे असताना परवान्याशिवाय थोडं काम केलं होतं. लिहू का?

लपवू नका, पण स्वतःच्या मनाने लिहूही नका. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला तिथल्या तिथे ग्रीन कार्ड मागताना बेकायदा कामाबद्दल कायद्यात सवलत आहे; ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला तशी सरसकट नाही. एका शब्दाने चित्र बदलतं. वकील गाठा.

तारखा कशा लिहायच्या?

अमेरिकी फॉर्मवर महिना आधी. ०४/०७/२०१९ म्हणजे आपल्या हिशोबाने चार जुलै, त्यांच्या हिशोबाने सात एप्रिल. या एका सवयीने तीन महिन्यांचा खड्डा पडतो. मी कच्च्या कागदावर महिना अक्षरांत लिहायला लावते.

महापालिकेतली, पोलिसातली नोकरी वेगळी लिहायची असते का?

कॅनडाच्या शेड्यूल एमध्ये सरकारी पदांसाठी (पोलीसही यातच) आणि सैन्य किंवा निमलष्करी सेवेसाठी स्वतंत्र रकाने आहेत. महापालिकेच्या रुग्णालयात कारकून असाल तरी लिहा. ‘मी काय मोठा अधिकारी नव्हतो’ हे कारण नाही.

अंधेरीत एक जण एक्सपिरियन्स लेटर करून देतो म्हणाला...

नाही.

फॉर्म गेल्यावर चूक लक्षात आली, किंवा नोकरी बदलली. काय करायचं?

त्यांनी विचारायच्या आधी सांगायचं. कॅनडासाठी इमिग्रेशन खात्याच्या साइटवर वेब फॉर्म आहे, त्यात फाइल क्रमांक टाकून दुरुस्ती आणि नवं पत्र चढवायचं. शंका आली तर ते बहुधा आधी खुलासा मागणारं पत्र पाठवतात. त्यावर उत्तराची मुदत छापलेली असते, ती चुकवू नका. अमेरिकेचा डीएस-२६० एकदा सबमिट केला की आपल्याला उघडता येत नाही. दुरुस्ती लिहून न्यायची आणि मुलाखतीत शपथ झाल्या झाल्या आपणहून सांगायची. कागद कमी पडला तर २२१(जी)ची चिठ्ठी देतात. लोक ती हातात आल्यावर बीकेसीच्या फुटपाथवर रडायला लागतात. बहुतेक वेळा तिचा अर्थ ‘हा कागद आणून द्या’ एवढाच असतो.

राजीनाम्याचं म्हणाल तर व्हिसा पासपोर्टवर चिकटून हातात येईपर्यंत देऊ नका. अमेरिकेचा इमिग्रंट व्हिसा साधारणपणे मेडिकलपासून सहा महिने चालतो. नव्वद दिवसांची नोटीस त्यात आरामात बसते, आणि रिलीव्हिंग लेटरही रीतसर मिळतं. या वेळी तारीख वाचूनच घ्या, शिक्का वाळल्यावर.